‘बाबा ओ'रायली’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द हू’ या इंग्लिश बँडच्या या गाण्याबद्दल पत्रं येतात ती साधारण दोन प्रकारच्या लोकांची. काहींनी ते एखाद्या ट्रेलरमध्ये ऐकलेलं असतं. बाकीचे अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला, मेहेरबाबांच्या समाधीला, जाऊन आलेले असतात आणि तिथे कुणीतरी त्यांना या गाण्याबद्दल सांगितलेलं असतं. दोघांच्या प्रश्नांना इथे एकत्रच उत्तरं दिली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘टीनेज वेस्टलँड’ नावाचं गाणं शोधतोय, पण सापडत नाही. कुठे मिळेल?

तुम्हाला हवंय ते गाणं म्हणजेच ‘बाबा ओ'रायली’. गाण्याचं नाव गाण्यात एकदाही येत नाही, आणि जे दोन शब्द कानात बसतात ते नावात नाहीत. त्यामुळे पन्नास वर्षं लोक चुकीच्या नावाने हे गाणं मागत आले आहेत. मात्र ‘टीनेज वेस्टलँड’ नावाचं एक वेगळं रेकॉर्डिंगही खरोखरच आहे: बँडचे गीतकार आणि गिटारवादक पीट टाउनशेंड यांचा एक जुना डेमो, म्हणजे कच्चं मुद्रण, जो २००० साली ‘लाइफहाउस क्रॉनिकल्स’ या संचात बाहेर आला. तुम्ही मालिकेत किंवा ट्रेलरमध्ये ऐकलंत ते मात्र हे नव्हे.

२. गाणं कोणाचं, कधीचं?

ऑगस्ट १९७१ मध्ये आलेल्या ‘हूज नेक्स्ट’ या अल्बमचं हे पहिलं गाणं. लिहिलं पीट टाउनशेंड यांनी, गायलं रॉजर डॉल्ट्री यांनी. मधला हळवा तुकडा तेवढा टाउनशेंड स्वतः गातात. ड्रमवर कीथ मून, बेसवर जॉन एन्टविसल. रेकॉर्डिंग लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत झालं आणि ध्वनीची बाजू ग्लिन जॉन्स यांनी सांभाळली. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. गंमत म्हणजे आज बँडची ओळख झालेलं हे गाणं ब्रिटन-अमेरिकेत तेव्हा सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी तबकडी, म्हणून निघालंच नाही. युरोपातल्या काही देशांत तेवढं निघालं.

३. नावातले ‘बाबा’ कोण? शिर्डीचे साईबाबा का?

नाही, मेहेरबाबा. पण संबंध अगदीच नाही असंही नाही. मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात, इराणी झरतुष्ट्री कुटुंबात झाला. शिक्षण सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि डेक्कन कॉलेजात. पुणे कॅम्पात कडुलिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान यांच्या भेटीने त्यांचं आयुष्य पालटलं. पुढे ते साकोरीच्या उपासनी महाराजांकडे गेले आणि उपासनी महाराज हे शिर्डीच्या साईबाबांचे शिष्य.

१० जुलै १९२५ पासून मेहेरबाबांनी मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत, नंतर फक्त खुणांनी. समाधी अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ, अरणगाव शिवारात मेहेराबादच्या टेकडीवर आहे.

हेही नोंदवून ठेवायला हरकत नाही की १९७६ साली जगातली सर्वांत कर्कश मैफल म्हणून गिनेस बुकात ज्या बँडचं नाव लागलं, तो द हू. त्रेचाळीस वर्षं एक शब्द न बोललेल्या माणसाचं नाव त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यावर असावं, हा योगायोग मला तरी फार आवडतो.

४. आणि ओ'रायली कोण? कुणी आयरिश माणूस?

टेरी रायली, कॅलिफोर्नियाचे संगीतकार. आयरिश वळणाचा ‘ओ’ टाउनशेंड यांनी गमतीने लावला. रायली यांची ‘इन सी’ ही १९६४ ची रचना ५३ छोट्या स्वरवाक्यांची आहे. प्रत्येक वादकाने ती ओळीने वाजवायची आणि एकेक वाक्य वाटेल तितक्या वेळा घोळवायचं. १९६९ च्या ‘अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर’मध्ये त्यांनी असाच घोळणारा की-बोर्ड एकट्याने थरावर थर चढवत वाजवला. टाउनशेंड यांनी उचलली ती ही पद्धत. रायली यांचा प्रत्यक्ष रेकॉर्डिंगशी काही संबंध नाही.

हेच रायली १९७० साली पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या उरुसातलं गाणं ऐकत मोठ्या झालेल्यांना हे वाचून बरं वाटेल, पण म्हणून या गाण्यात किराणा शोधत बसू नका. टाउनशेंड यांच्या कानावर रायली पडले ते त्याआधीचे.

५. सुरुवातीला जो थरथरता, फिरता आवाज येतो तो सिंथेसायझरचा ना?

बहुतेकांना तसं वाटतं आणि पुष्कळ ठिकाणी तसं छापलंही जातं, पण तो ऑर्गन आहे. लॉरी कंपनीचा ‘बर्कशायर डिलक्स’, अमेरिकेत सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात ठेवत तसला. त्यात ‘मरिंबा रिपीट’ नावाची सोय होती. ती चालू करून पट्ट्या नुसत्या दाबून धरल्या, तरी ऑर्गन ते स्वर स्वतःच भराभर, आलटून पालटून वाजवत राहतो. टाउनशेंड यांनी बोटं बदलत बदलत हे लांबलचक वादन टेपवर घेतलं, त्यातलं निवडक कापून जोडलं आणि बँडने त्या टेपवर आपलं वादन बसवलं. घोटाळा होण्याचं कारण त्याच अल्बममध्ये आहे: शेवटच्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये लॉरीचा आवाज खरोखरच ईएमएस कंपनीच्या सिंथेसायझरमधून फिरवलेला आहे. दोन्ही गाण्यांची माहिती लोक एकात एक मिसळतात.

गाण्याला ‘प्रयोगशील’ म्हणतात त्याचं मूळही इथेच आहे. रॉकमध्ये लय ड्रमर ठरवतो. इथे लय आधीच ठरून टेपवर बसलेली, आणि जगातल्या सर्वांत अनावर ड्रमरने तिच्यासोबत चालायचं. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा जसा एकसारखा फिरत राहतो आणि तबलजी त्यावर आपलं काय ते सांगतो, तसा इथे ऑर्गन फिरतो आणि मून त्यावर तुटून पडतात. मैफलीतही ते कानाला हेडफोन लावून टेप ऐकत वाजवायचे. हेडफोन डोक्यावरून निसटू नयेत म्हणून ते चिकटपट्टीने बांधलेले फोटोही आहेत.

बाकी स्वरांच्या दृष्टीने गाणं साधं आहे. तीनच कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर): एफ, सी आणि बी फ्लॅट. गिटार शिकायला लागलेला मुलगा ते पहिल्या महिन्यात वाजवतो. अवघड आहे ती त्या तीन कॉर्डांना दिलेली जागा. पियानो येतो, मग ड्रम, मग आवाज. गिटार, म्हणजे जिच्यामुळे टाउनशेंड प्रसिद्ध, ती चांगली उशिरा येते.

६. मेहेरबाबांची माहिती कॉम्प्युटरला देऊन त्यातून हे संगीत तयार केलं, असं वाचलं. खरं का?

कल्पना खरी, अंमलबजावणी नाही. माणसाच्या शरीराची आणि स्वभावाची माहिती यंत्राला द्यायची आणि त्यातून त्या माणसाचं स्वतःचं संगीत निघेल, असं टाउनशेंड यांच्या मनात होतं. मेहेरबाबांना अशा यंत्रात घातलं तर काय ऐकू येईल, या विचारातून हे गाणं सुचलं. प्रत्यक्षात १९७१ साली असं काही करणारं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे सगळं हाताने वाजवलेलं आहे. ती मूळ कल्पना त्यांनी सोडली मात्र नाही. २००७ साली ‘लाइफहाउस मेथड’ नावाने (‘लाइफहाउस’ म्हणजे काय ते प्रश्न ७ मध्ये) त्यांनी इंटरनेटवर ती करून पाहिली: लोकांनी आपली माहिती द्यायची, प्रणाली त्यांचं संगीत बनवणार.

७. शब्दांचा अर्थ काय? सॅली कोण, आणि ती दक्षिणेला का चाललीय?

हे सुटं गाणं म्हणून ऐकलं तर काही कळत नाही, कारण ते एका मोडलेल्या नाटकाचा तुकडा आहे. ‘टॉमी’ (१९६९) या रॉक ऑपेराच्या यशानंतर टाउनशेंड यांनी ‘लाइफहाउस’ नावाची भविष्यकथा रचायला घेतली. हवा विषारी झालेली, माणसं खास पोशाखांत बंद आणि एका ‘ग्रिड’ला जोडलेली. जेवण, करमणूक, अनुभव सगळं त्यातूनच पुरवलं जातं. संगीत लोक विसरलेले. स्कॉटलंडमध्ये या जाळ्याबाहेर राहून शेती करणारा रे, त्याची बायको सॅली. लंडनला एक मैफल होणार असल्याचं कळल्यावर हे कुटुंब दक्षिणेकडे निघतं. शेतात राबणं, पोटासाठी झगडणं, सॅलीचा हात धरून निघणं, हे सगळं रेच्या तोंडचं आहे.

१९७१ च्या सुरुवातीला लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात त्याचे प्रयोग करून पाहिले. काय चाललंय ते टाउनशेंड सोडून कुणाला धड उमगलं नाही, बँडलाही नाही. प्रकल्प बारगळला, टाउनशेंड खचले, आणि उरलेल्या गाण्यांतून ‘हूज नेक्स्ट’ उभा राहिला. माझ्या मते झालं ते बरंच झालं. १९९९ साली बीबीसी रेडिओ ३ वर ‘लाइफहाउस’ अखेर श्राव्यनाटक म्हणून आलं. त्यातली ग्रिडची कल्पना आज इंटरनेटच्या जवळची वाटते खरी, पण कथा अजूनही दमवते. गाणं मात्र कथेशिवाय उभं राहतं.

८. ‘टीनेज वेस्टलँड’ म्हणजे तरुणाईचा जल्लोषच ना? लोक तर मुठी उंचावून म्हणतात.

उलट आहे. वेस्टलँड म्हणजे उजाड माळ. टाउनशेंड यांनी सांगितलंय की वुडस्टॉकसारख्या प्रचंड जलशांत नशेत पडलेली पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. वुडस्टॉकला ऑगस्ट १९६९ मध्ये द हू स्वतः वाजवून आले होते. जलसा संपल्यावर मागे उरतो तो चिखल आणि कचरा, त्याबद्दलची ती ओळ. ‘होय, आम्ही असेच!’ म्हणून तीच ओळ श्रोत्यांनी घोषणेसारखी उचलली, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

पण श्रोत्यांना सगळा दोष देता येत नाही. शब्द उजाड असतील, चाल विजयाची आहे. तीन उघडे, भरदार मेजर कॉर्ड आणि त्यावर डॉल्ट्री यांचा तो आवाज, यात कुणाला विषाद ऐकू येणार? टाउनशेंड यांनी जे लिहिलं त्याच्या विरुद्ध त्यांनीच वाजवलं, आणि लोकांनी वाजवलेलं उचललं. गाण्याचं पुढचं सगळं आयुष्य या फटीतून निघालं आहे.

९. इतक्या ट्रेलरांत आणि समारंभांत हेच गाणं का?

सुरुवातीला मिनिटभर शब्द नाहीत, हे मुख्य कारण. संकलकाला त्यावर काहीही बसवता येतं: निवेदन, संवाद, शहराचं हवाई दृश्य. काहीतरी घडणार आहे असं तो ऑर्गन सांगत राहतो, पण काय ते सांगत नाही. मग पियानोचे तीन घाव पडतात, ड्रम येतो आणि प्रत्येक टप्प्यावर दृश्य कापायला आयती जागा मिळते. ट्रेलर कापणाऱ्याने मुद्दाम बनवून घेतलं असतं तरी याहून सोयीचं झालं नसतं.

‘अमेरिकन ब्यूटी’च्या (१९९९) ट्रेलरमध्ये हे गाणं होतं. चित्रपटात मात्र द हूचं दुसरंच गाणं आहे. त्याच वर्षी स्पाइक ली यांनी ‘समर ऑफ सॅम’मध्ये ते वापरलं, १९७७ च्या तापलेल्या न्यूयॉर्कसाठी. हा वापर मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तिथे उजाडपणा दिसतो. २०१९ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या तिसऱ्या पर्वाच्या ट्रेलरमध्ये गाण्याला ऑर्केस्ट्राचा मुलामा चढवला होता. ‘आता आपण लहान राहिलो नाही’ अशा भावनेची ती पोरं, म्हणजे शब्दही लागू पडले. अमेरिकन फुटबॉलच्या फेब्रुवारी २०१० च्या सुपर बोलमध्ये मध्यंतराच्या कार्यक्रमात बँडने ते वाजवलं. १२ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या समारोपालाही वाजवलं. तरुणाईच्या नासाडीचं गाणं, जगभरच्या तरुण खेळाडूंसमोर. कुणालाच ते खटकलं नाही, आणि त्यातच प्रश्न ८ चं उत्तर पुन्हा मिळतं.

१०. ‘सीएसआय’च्या सगळ्या मालिकांचं शीर्षकगीत हेच आहे का?

नाही, या अमेरिकी गुन्हेतपास मालिकांपैकी फक्त ‘सीएसआय : न्यूयॉर्क’चं (२००४ ते २०१३). पहिल्या चारही मालिकांना द हूची वेगवेगळी गाणी आहेत: मूळ मालिकेला ‘हू आर यू’, मायामीला ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ आणि सायबरला ‘आय कॅन सी फॉर माइल्स’. न्यूयॉर्कच्या वाट्याला हे गाणं येण्याला एक पार्श्वभूमीही होती. २० ऑक्टोबर २००१ रोजी, जुळे मनोरे कोसळल्यानंतर महिन्याभराने, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अग्निशमन दलाच्या आणि पोलिसांच्या माणसांसमोर द हूने जी चार गाणी वाजवली, त्यांत हे होतं. मालिकेचा नायक त्याच हल्ल्यात बायको गमावलेला आहे. न्यूयॉर्ककरांच्या कानाला तो ऑर्गन तेव्हा ओळखीचा झालेलाच होता.

११. अध्यात्मातून आलेलं गाणं असं विकलेलं टाउनशेंड यांना चालतं?

चालतं. गाणी माझी आहेत, ती कुठे द्यायची ते मी ठरवीन, अशी त्यांची उघड भूमिका आहे. नकारही ते देतात: मायकेल मूर यांच्या ‘फॅरनहाइट ९/११’साठी (२००४) त्यांनी ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ दिलं नाही. ‘बाबांच्या नावाचा बाजार’ अशी तक्रार करणारी पत्रं अधूनमधून येतात. पण गाण्यात बाबांचं नाव, वचन किंवा प्रार्थना यातलं काहीच नाही. ज्यांना भक्तीचं ऐकायचंय त्यांनी टाउनशेंड यांच्या ‘हू केम फर्स्ट’ (१९७२) या अल्बममधलं ‘परवरदिगार’ ऐकावं. मेहेरबाबांच्या प्रार्थनेवर बेतलेलं ते गाणं कुठल्या ट्रेलरवाल्याने मागितल्याचं ऐकिवात नाही.

१२. शेवटचं व्हायोलिन कोणाचं? मैफलीत ते का ऐकू येत नाही?

‘ईस्ट ऑफ ईडन’ या बँडचे डेव्ह आर्बस यांचं. कल्पना मून यांची. ड्रमरने व्हायोलिन सुचवावं आणि ते गाण्याचं शिखर ठरावं, असं क्वचितच होतं. मैफलीत पुढे डॉल्ट्री त्या जागी माउथऑर्गन वाजवू लागले. अपवाद आहेत: २०१९ च्या ऑर्केस्ट्रासोबतच्या दौऱ्यात केटी जेकोबी यांनी तो भाग व्हायोलिनवर वाजवला. हे रेकॉर्डिंग मिळालं तर जरूर ऐका.

१३. वन डायरेक्शनने ही चाल चोरली होती ना?

या पॉप बँडच्या २०१३ च्या ‘बेस्ट साँग एव्हर’ची सुरुवात ऐकून द हूच्या चाहत्यांनी गदारोळ केला आणि खटला होणार अशी आवई उठली. टाउनशेंड यांनी जाहीर केलं की खटलाबिटला काही नाही, आपल्याला ते गाणं आवडलं, आणि ते तीन कॉर्ड काही आपल्या मालकीचे नव्हेत. विषय तिथेच संपला.

१४. टाउनशेंड मेहेरबाबांना भेटले होते का? बाबांनी हे गाणं ऐकलं होतं?

दोन्हींचं उत्तर नाही. टाउनशेंड १९६८ च्या सुमारास त्यांच्याकडे ओढले गेले. मेहेरबाबा जानेवारी १९६९ मध्ये गेले, गाणं त्यानंतर दोन वर्षांनी आलं. टाउनशेंड १९७२ साली मेहेराबादला आले ते समाधीच्या दर्शनाला.

मेहेरबाबांचा नशेच्या पदार्थांना ठाम विरोध होता. एलएसडीतून देव दिसतो म्हणणाऱ्यांना त्यांनी १९६६ मध्येच ‘गॉड इन अ पिल?’ या पुस्तिकेतून खडसावलं होतं. टाउनशेंड यांनी ते मनावर घेतलं. प्रश्न ८ मधला जलशांबद्दलचा उद्वेग या पार्श्वभूमीवर वाचला तर ‘बाबा’ नावात का आले हे जास्त कळतं.

१५. मेहेराबादला या गाण्याशी संबंधित काही बघायला मिळेल का?

रॉकचं स्मारक बघायच्या हेतूने जाऊ नका. अहिल्यानगरहून दौंड रस्त्याने जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर समाधी आहे. ३१ जानेवारीला अमरतिथीला गेलात तर दुपारी १२ ते १२.१५ हजारो माणसं मौन पाळतात ते अनुभवाल. पाश्चात्त्य संगीताचाच धागा हवा असेल, तर तो वेगळ्या गाण्याचा आहे. कोल पोर्टर यांचं ‘बिगिन द बिगीन’ हे मेहेरबाबांचं आवडतं गाणं. त्यांच्या इच्छेनुसार १९६९ साली समाधीपाशी त्याची तबकडी लावली होती.

१६. ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हेही त्याच बाबांचं का?

वाक्य त्यांचं. ते छापलेलं भित्तिपत्रक पाहून बॉबी मॅकफेरिन यांना १९८८ चं गाणं सुचलं. द हूशी त्याचा संबंध नाही.

१७. मूळ गाणं ऐकून झालं. पुढे काय ऐकू?

दोन गोष्टी. एक, मेहेरबाबांच्या अनुयायांसाठी १९७२ साली काढलेल्या ‘आय अॅम’ या अल्बममधलं शब्दाविना ‘बाबा ओ'रायली’, जवळपास दहा मिनिटांचं. प्रश्न ४ मधले रायली तिथे स्पष्ट ऐकू येतात. दोन, २५ मे १९७८ चं शेपर्टन स्टुडिओतलं चित्रण, ‘द किड्स आर ऑलराइट’ या माहितीपटात आहे. कीथ मून यांचं बँडसोबतचं हे शेवटचं वादन. सप्टेंबरमध्ये ते गेले. अंग सुटलेलं दिसतं, पण हात तसेच चालतात.

१८. गाणं १९७१ चं, म्हणजे जुनं. कॉलेजच्या गॅदरिंगच्या व्हिडिओत वापरलं तर चालेल ना?

नाही. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, म्हणजे हे मुद्रण २०३१ अखेरपर्यंत मोकळं होत नाही. शिवाय शब्द आणि चाल यांवरचा हक्क वेगळा. तो रचनाकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो, आणि टाउनशेंड हयात आहेत. अॅपमध्येच पुरवलेली क्लिप रीलला लावणं ही त्या अॅपच्या करारातली गोष्ट, तेवढीच. ती क्लिप डाउनलोड करून दुसरीकडे लावायची परवानगी त्यात येत नाही.

१९. आणि आम्ही स्वतः हार्मोनियम-ड्रमवर वाजवलं तर?

मूळ मुद्रण वापरलं नाही, म्हणून एक हक्क बाजूला पडतो. रचनेचा हक्क उरतोच. मात्र शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थ्यांनी-शिक्षकांनी मंचावर वाजवलं आणि समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित मंडळी एवढेच असतील, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलंत किंवा तोच व्हिडिओ चॅनलवर चढवलात, की सूट संपली. हार्मोनियमवर ती फिरत्या स्वरांची पट्टी पाच मिनिटं एका लयीत धरायची असेल तर भाता मारायला दुसरा माणूस घ्या.